झोंबी पळायला लागले आणि अख्खा पिक्चरच बदलला : ‘डॉन ऑफ द डेड’चा रिमेक आज बघावा का?

झोंबी चालतात की पळतात?

प्रश्न ऐकायला पोरकट वाटतो. पण हॉरर पिक्चरच्या चाहत्यांमध्ये या एका प्रश्नावरून वीस वर्षांहून जास्त काळ भांडणं सुरू आहेत. एका बाजूला जुने चाहते आहेत. त्यांचं म्हणणं, मेलेला माणूस पळूच शकत नाही, तो पाय ओढत ओढतच येणार. दुसऱ्या बाजूला आपल्यासारखे साधे प्रेक्षक. शनिवारी रात्री लाईट बंद करून काहीतरी भीतीदायक बघावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा असते.

या भांडणाच्या मध्यभागी जो पिक्चर आहे तो म्हणजे २००४ साली आलेला ‘डॉन ऑफ द डेड’. झॅक स्नायडर या दिग्दर्शकाचा हा पहिलाच पिक्चर. जॉर्ज रोमेरो यांच्या १९७८ सालच्या याच नावाच्या पिक्चरचा हा रिमेक.

मग विषय असा आहे की ज्यानं मूळ पिक्चर पाहिलेला नाही त्यानं रिमेक बघितला तर त्याचं काही बिघडतं का? रिमेक चांगला आहे का? आणि झोंबींचा वेग वाढवल्यानं नेमकं काय बदललं? जरा निवांत बघू.

(पुढं दोन्ही पिक्चरच्या शेवटाबद्दल लिहिलंय. ज्यांना आधी बघायचाय त्यांनी बघून या.)

सुरुवात १९६८ पासून करावी लागते

झोंबी हा प्रकार मूळचा हैती या कॅरिबियन देशातल्या लोकसमजुतींमधला. तिथला झोंबी माणसं खायचा नाही. जादूटोण्यानं उठवलेलं, मालकाच्या हुकमावर राबणारं मढं, असं त्याचं रूप होतं. हॉलीवूडनं १९३२ च्या ‘व्हाइट झोंबी’मध्ये तेच दाखवलं.

आज आपण ज्याला झोंबी म्हणतो, म्हणजे मेलेली माणसं उठतात, जिवंतांना खातात आणि डोक्यात गोळी घातल्याशिवाय थांबत नाहीत, तो प्रकार रोमेरोंनी १९६८ साली ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये आणला. गंमत म्हणजे त्या पिक्चरमध्ये झोंबी हा शब्द कुठंच येत नाही.

त्या पिक्चरच्या बाबतीत एक मोठा घोळही झाला. पिक्चरचं नाव आधी वेगळं होतं. वितरकानं ते बदललं आणि नाव बदलताना पडद्यावरची कॉपीराइटची सूचना टाकायची राहून गेली. अमेरिकेत तेव्हाच्या कायद्यानुसार सूचना नसेल तर हक्क नाही. त्यामुळं पिक्चर प्रदर्शित होताच सार्वजनिक मालकीचा झाला. रोमेरोंच्या हातून मोठी कमाई गेली, पण त्यांचे झोंबी कुणालाही वापरायला मोकळे झाले. पुढं जगभर झोंबी पिक्चरचं जे पीक आलं त्यामागं हेही एक कारण आहे.

‘डॉन ऑफ द डेड’चे हक्क मात्र शाबूत होते. मूळ पिक्चरचे निर्माते रिचर्ड रुबिनस्टाईन २००४ च्या रिमेकच्या निर्मात्यांमध्येही होते. म्हणजे रिमेक रीतसर परवानगीनं झाला.

१९७८ : चार माणसं आणि एक मॉल

मूळ पिक्चरची गोष्ट साधी आहे. शहरं कोसळत चालली आहेत. दोन पोलीस, टीव्ही स्टेशनवर काम करणारी एक बाई आणि तिचा हेलिकॉप्टर चालवणारा मित्र असे चौघं पळून जातात आणि एका बंद मॉलच्या छतावर उतरतात. खाली मॉलमध्ये झोंबी फिरतायत.

शूटिंग पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गजवळच्या मनरोव्हिल मॉलमध्ये झालं. हा खराखुरा चालू मॉल होता. त्यामुळं रात्री दुकानं बंद झाली की शूटिंग सुरू व्हायचं आणि सकाळी गिऱ्हाइकं यायच्या आत आवरावं लागायचं. नाताळची सजावट लागली तेव्हा शूटिंग थांबवावं लागलं, कारण रोज ती सजावट काढून परत लावणं कुणाला परवडणार?

पिक्चरमध्ये ती बाई विचारते, की हे झोंबी इथंच का येतात? उत्तर मिळतं की ही सवय असावी, जिवंतपणी ही त्यांच्यासाठी महत्त्वाची जागा होती. बास. अख्ख्या पिक्चरचा गाभा या दोन वाक्यांत आहे. मेलेली माणसंसुद्धा खरेदीला येतायत. सरकत्या जिन्यावर धडपडतायत, काचेच्या दारांवर हात घासतायत आणि मागं मॉलचं गुळगुळीत, आनंदी संगीत वाजतंय.

अमेरिकेत त्या वेळी बंदिस्त मॉल ही तशी नवी गोष्ट होती. मनरोव्हिल मॉलच १९६९ साली उघडलेला. आपल्याकडं हे सगळं बरंच उशिरा आलं. मुंबईत हाजी अलीजवळ १९९९ साली क्रॉसरोड्स हा मॉल सुरू झाला. सुरुवातीला गर्दी इतकी उसळली की मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड असणाऱ्यांना आत सोडायचं आणि बाकीच्यांकडून प्रवेशाचे पैसे घ्यायचे, असा नियम तिथं काही काळ होता. आत कोण आणि काचेबाहेर कोण, हा प्रश्न मॉलसोबतच येतो. (योगायोग बघा, २००४ च्या रिमेकमधल्या काल्पनिक मॉलचं नावही क्रॉसरोड्सच आहे.)

२००४ : कुणाला फारशी आशा नव्हती

रिमेकची घोषणा झाली तेव्हा जुन्या चाहत्यांनी कपाळाला हात लावला. कारणंही होती. दिग्दर्शक जाहिराती करणारा, पहिल्यांदाच पिक्चर करणारा. लेखक जेम्स गन, ज्याच्या नावावर तेव्हा ‘स्कूबी-डू’ची पटकथा होती. हेच दोघं पुढं जाऊन सुपरहिरोंच्या पिक्चरमधली मोठी नावं होणार आहेत, हे तेव्हा कुणाला ठाऊक असायला?

१९ मार्च २००४ ला पिक्चर अमेरिकेत लागला आणि पहिल्याच आठवड्यात एक नंबरला गेला. त्याआधी एक नंबरवर मेल गिब्सनचा ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’ ठाण मांडून बसला होता. तीन कोटी डॉलरपेक्षा कमी खर्चात झालेल्या या पिक्चरनं जगभरात सुमारे दहा कोटी डॉलर कमावले.

गोष्टीचा सांगाडा तोच, मॉलमध्ये अडकलेली माणसं. पण माणसं वेगळी आणि जास्त. ॲना ही नर्स, केनेथ हा पोलीस, मायकल हा साधा दुकानात नोकरी करणारा माणूस, आंद्रे आणि त्याची गरोदर बायको, मॉलचे तीन उर्मट सिक्युरिटी गार्ड आणि नंतर ट्रकमधून येणारे बाकीचे. मूळ पिक्चरमधल्या चौघांशी यांचा काहीच संबंध नाही. त्यामुळं पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथंच देऊन टाकू. मूळ पिक्चर न बघता रिमेक बघितला तर गोष्ट कळायला कुठंही अडत नाही.

पहिली दहा मिनिटं बघाच

ॲना दवाखान्यातली लांबलचक ड्युटी संपवून घरी येते. नवऱ्यासोबत निवांत असताना टीव्हीवर आलेली महत्त्वाची बातमी दोघांच्याही नजरेतून सुटते. सकाळी बेडरूमच्या दारात शेजारची लहान मुलगी उभी असते. पुढच्या दोन मिनिटांत नवरा मेलेला असतो, परत उठलेला असतो आणि बायकोच्या मागं लागलेला असतो. ॲना बाथरूमच्या खिडकीतून कशीबशी बाहेर पडते. बाहेर बघते तर काल रात्रीपर्यंत शांत असलेली कॉलनी पेटलेली.

आपण ॲनापेक्षा एक शब्दही जास्त जाणत नाही. हे का झालं, कशानं झालं, कुणी सांगत नाही. निर्मात्यांनाही या सुरुवातीवर इतका भरवसा होता की पिक्चर लागायच्या आधी ही सुरुवातीची मिनिटं अमेरिकेत टीव्हीवर फुकट दाखवली गेली.

माझ्यासारख्या साध्या प्रेक्षकाचं मत विचाराल तर भीतीच्या बाबतीत ही दहा मिनिटं मूळ पिक्चरला मागं टाकतात. खुद्द रोमेरोंनीही नंतर मुलाखतींमध्ये सुरुवातीच्या भागाचं कौतुक केलं होतं. पण त्यांचं पुढचं म्हणणं असं होतं, की पिक्चर अपेक्षेपेक्षा बरा आहे, फक्त तो करायचं मूळ कारणच हरवलंय.

ते कारण हरवलं कुठं? उत्तर झोंबींच्या पायात आहे.

वेगानं काय बदललं?

पळणारे झोंबी स्नायडरनं शोधले असं अजिबात नाही. १९८५ च्या ‘रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये ते पळत होते. २००२ साली डॅनी बॉइलच्या ‘ट्वेंटी एट डेज लेटर’नं तर सुसाट धावणारी माणसं दाखवली, पण ती मेलेली नव्हती, रोगानं पिसाळलेली होती. स्नायडरनं तो वेग रोमेरोंच्या मेलेल्या माणसांना दिला.

मराठीत झोंबणं म्हणजे अंगावर जाऊन भिडणं. त्या अर्थानं बघितलं तर खरे झोंबी २००४ चेच म्हणायचे.

रोमेरो मात्र शेवटपर्यंत संथ झोंबींच्या बाजूनं राहिले. मेलेलं शरीर पळायला लागलं तर त्याचे घोटेच मोडतील, असं ते गमतीनं म्हणायचे. २००५ साली, म्हणजे रिमेक चालल्यानंतर लगेच, त्याच युनिव्हर्सल कंपनीनं त्यांचा ‘लँड ऑफ द डेड’ प्रदर्शित केला. त्यातही त्यांचे झोंबी चालतच राहिले.

आता हा फक्त आवडीनिवडीचा मुद्दा नाही. संथ झोंबी माणसाला वेळ देतो. १९७८ मध्ये ते चौघं झोंबींना हुलकावणी देत मॉल साफ करतात, दारांपुढं ट्रक लावतात आणि मग आत चक्क संसार थाटतात. भारी कपडे, भारी घड्याळं, बँकेतल्या नोटा, सगळं फुकट. हळूहळू त्यांना कंटाळा येतो. सगळं मिळालंय आणि करायचं काहीच नाही. शेवटी मोटारसायकलवरची टोळी मॉलमध्ये घुसते तेव्हा लपून राहिलं तर जीव वाचणार असतो. पण हेलिकॉप्टरवाला स्टीफन गोळ्या झाडायला लागतो, कारण त्याला वाटतं हा मॉल आमचा आहे. त्यातच तो जातो. झोंबी झाल्यावरही त्याला लपायच्या जागेचा रस्ता आठवतो आणि तो बाकीच्यांना तिथं घेऊन येतो. झोंबी इथंच का येतात, या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर असं आपल्याच माणसाच्या रूपानं समोर उभं राहतं.

हे सगळं घडायला पिक्चरला १२७ मिनिटं लागतात. रिमेक थिएटरमध्ये सुमारे १०० मिनिटांचा होता.

पळणारा झोंबी वेळच देत नाही. दार बंद करायला उशीर झाला की खेळ खल्लास. म्हणून रिमेकमधली माणसं मॉलमध्ये राहतात, पण तो मॉल त्यांचा होत नाही. मजा करण्याचे प्रसंग एका गाण्यावर पटापट उरकले जातात. मॉलऐवजी शाळा असती, कारखाना असता, तरी गोष्टीत फार काही बदललं नसतं. १९७८ चा मॉल म्हणजे सापळा होता, ज्यात माणसं आपल्या खुशीनं बसली. २००४ चा मॉल म्हणजे फक्त भक्कम दारांची इमारत.

चावल्यावरच झोंबी

दुसरा बदल चटकन लक्षात येत नाही. रोमेरोंच्या जगात कुणीही कशानंही मेला तरी उठतो. हार्ट अटॅकनं गेलेलाही उठणार. रिमेकमध्ये मात्र चावा बसला तरच माणूस झोंबी होतो. म्हणजे मूळ पिक्चरमध्ये भीती मरणाची आहे, रिमेकमध्ये ती संसर्गाची आहे.

अमेरिका तेव्हा ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातून सावरत होती आणि २००३ साली सार्सच्या साथीनं जग हादरलं होतं. टीव्हीवर गोंधळलेले अधिकारी, कुणालाच पूर्ण माहिती नसलेल्या पत्रकार परिषदा, हे सगळं रिमेकच्या सुरुवातीच्या नामावलीत दिसतं. आपण २०२० बघितलंय. त्यामुळं आज ती दृश्यं जास्तच अंगावर येतात.

याच नियमातून रिमेकमधला सगळ्यात चांगला प्रसंग येतो. फ्रँक नावाच्या माणसाला चावा बसलाय. तो अजून शुद्धीवर आहे, बोलतोय, सोबत त्याची तरुण मुलगी आहे. पण तो झोंबी होणार हे आता सगळ्यांना कळलंय. मायकलचं मत, आत्ताच संपवा, नाहीतर सगळे मरू. ॲनाला हे मान्य नाही. जिवंत माणसाला, तो उद्या धोकादायक होईल म्हणून आज मारायचं का? शेवटी फ्रँकला त्याचा उरलेला वेळ दिला जातो. केनेथ बंदूक घेऊन समोर बसून राहतो, वाट बघत.

इथं कुणी पळत नाही, कुणी ओरडत नाही. १९७८ मध्येही असाच प्रसंग आहे. चावा बसलेल्या रॉजरशेजारी त्याचा मित्र पीटर असाच बसून राहतो. पळण्यासाठी गाजलेल्या या रिमेकमध्ये मनात राहतो तो असा थांबलेला प्रसंग.

दुसरा असाच प्रसंग म्हणजे समोरच्या इमारतीच्या छतावर अडकलेला बंदुकीच्या दुकानाचा मालक अँडी. मधे हजारो झोंबी. केनेथ आणि अँडी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून एकमेकांशी बोलतात, लांबूनच बुद्धिबळ खेळतात. कधीही न भेटलेल्या दोन माणसांची ही मैत्री पिक्चरमधल्या बऱ्याच मारामारीपेक्षा सरस आहे.

मग रिमेकमध्ये गडबड कुठं आहे?

पहिली गोष्ट, माणसं जास्त झालीत. काही जण फक्त मरण्यासाठी आणलेत हे आपल्याला आधीच कळतं, त्यामुळं ते गेल्याचं वाईट वाटत नाही.

दुसरं, गरोदर लुडाचा प्रसंग. कल्पना भयानक आहे, पण पिक्चरला धक्का द्यायची इतकी घाई आहे की त्या नवऱ्याचं दुःख पुरतं पोहोचायच्या आत सगळं संपून जातं.

तिसरं, कुत्र्याच्या मागं ट्रक घेऊन निघालेली मुलगी. एका कुत्र्यासाठी सगळ्यांचा जीव टांगणीला लावलाय, हे बघताना आपल्यातला साधा प्रेक्षक पडद्याशी भांडायला लागतो. त्या मुलीनं नुकताच बाप गमावलाय हे खरं, पण पिक्चर ते नीट सांगायला थांबत नाही.

शेवट मात्र धाडसी आहे. उरलेली माणसं बोटीतून निसटतात आणि आपण सुटकेचा श्वास सोडतो. नामावली सुरू होते आणि मधेमधे हँडीकॅमवरचं चित्रण दिसायला लागतं. बोट एका बेटावर पोहोचते आणि तिथंही झोंबी धावून येतात. मूळ पिक्चरचा शेवट यापेक्षा मवाळ आहे. दोघं जण हेलिकॉप्टरमधून उडतात, इंधन थोडंच उरलंय, पुढं काय होईल माहीत नाही.

वेग असला की अर्थ जातोच का?

नाही. २०१६ च्या कोरियन ‘ट्रेन टू बुसान’मधले झोंबी रिमेकपेक्षाही वेडेवाकडे पळतात. तरी त्या पिक्चरमध्ये स्वार्थी माणूस आणि दुसऱ्यासाठी दार उघडणारा माणूस यांची गोष्ट ठसठशीत दिसते. कारण तिथली जागा, म्हणजे ट्रेनचे डबे, गोष्टीला धरून वापरलेत. कोणत्या डब्याचं दार कोण बंद करतं यावरच सगळं अवलंबून आहे.

आपल्याकडं २०२२ साली आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ आला. विनोदी बाजाचा, पण डोंबिवलीतली टोलेजंग सोसायटी, शेजारची वस्ती आणि पाण्याचा प्रश्न त्यात मधोमध होता. म्हणजे झोंबी कुठं सोडलेत याला महत्त्व आहे, हे तिथंही ओळखलेलं होतं. २००४ च्या रिमेकनं नेमकी हीच संधी सोडली. हातात मॉल होता, पण पिक्चरनं त्याच्याकडं वळून बघितलं नाही.

शेवटी, बघायचा का?

बघा. हातात शंभर मिनिटं असतील, मित्र सोबत असतील आणि घाबरायचं असेल तर रिमेक आजही पैसे वसूल आहे. त्यासाठी आधी १९७८ चा बघायची सक्ती नाही. नंतर कधीतरी मूळ पिक्चर लावाल तेव्हा मात्र तयारी ठेवा. त्यातलं रक्त रंगासारखं वाटेल, झोंबींचे निळसर-करडे चेहरे बघून कदाचित हसूही येईल आणि मधला भाग संथ वाटेल.

तो संथ भाग पुढं ढकलू नका. त्यातच ती माणसं फुकटचे कोट घालून आरशात बघतात आणि पुढं काय करायचं ते त्यांना सुचत नाही. रिमेक बघून त्या रात्री दाराची कडी दोनदा तपासाल. मूळ पिक्चरचा परिणाम जरा उशिरा होतो, पुढच्या रविवारी मॉलच्या सरकत्या जिन्यावर काही घ्यायचं नसताना उभे असाल तेव्हा.